सच्छिद्र ज्वालामुखी खडक : गुणधर्म, उपयोग आणि आपली लेणी-विहिरी

लेण्यांवर गेलो की आपण स्तूपाला वंदन करतो, शिल्पे पाहतो, शिलालेखांचे फोटो काढतो. ज्या खडकात हे सारे कोरले आहे, त्या खडकाकडे मात्र फार थोडेजण पाहतात. पुढच्या वेळी लेण्याच्या वाटेवरचा कातळ जवळून पाहा. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी, वाटाण्याएवढी, कुठे लिंबाएवढीही भोके दिसतील. काही भोके रिकामी असतील, तर काहींत पांढरे, हिरवट खडे घट्ट बसलेले असतील. ही भोके कोणी पाडलेली नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्हारसात अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे आहेत.

अशा खडकाला सच्छिद्र ज्वालामुखी खडक म्हणतात. तो कसा बनतो, त्याचे गुणधर्म कोणते आणि तो कुठे कामी येतो, याची माहिती आम्ही या लेखात एकत्र देत आहोत. लेणी संवर्धनाचे काम करणाऱ्या आणि गावात पाण्याच्या प्रश्नावर उभे राहणाऱ्या तरुणांना ती रोजच्या कामात उपयोगी पडेल. लेख वाचताना एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. खडकात छिद्रे असणे वेगळे आणि ती छिद्रे एकमेकांना जोडलेली असणे वेगळे. हलका दगड पाण्यावर का तरंगतो, विहिरीला पाणी का लागते आणि लेण्यातले चित्र का खराब होते, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या फरकात आहे.

खडकात बुडबुडे कसे येतात?

जमिनीच्या पोटात खोलवर वितळलेला खडक असतो, त्याला शिलारस म्हणतात. वरच्या प्रचंड दाबामुळे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू त्यात विरघळून राहिलेले असतात. शिलारस वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि वायू सुटे होतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर फेस येतो, तसेच हे घडते. बुडबुडे बाहेर पडण्याआधीच लाव्हा थंड झाला, तर त्यांच्या जागी पोकळ्या राहतात.

पोकळ्या किती आणि कशा राहतील, हे लाव्हाच्या घट्टपणावर ठरते. सिलिका जास्त असलेला लाव्हा चिकट असतो. त्यातून वायू सहज निसटत नाही, दाब साठत जातो आणि स्फोट होतो. अशा वेळी दगडाचा अक्षरशः फेस होतो. सिलिका कमी असलेला बेसाल्टचा लाव्हा पातळ असतो. तो दूरवर वाहतो आणि वायूचे बुडबुडे वर चढून थराच्या माथ्याशी गोळा होतात.

तीन मुख्य प्रकार

प्युमिस : चिकट लाव्हाच्या फेसापासून बनलेला हा फिकट राखाडी किंवा पांढुरका दगड म्हणजे बुडबुड्यांनी भरलेली नैसर्गिक काच. त्याच्या आकारमानाचा अर्ध्याहून मोठा भाग, कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत, पोकळी असते. त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. पाय घासायला मिळणारा हलका दगड मुळात हाच. आता बाजारात त्याच्या कृत्रिम नकलाही खूप आहेत.

स्कोरिया : हा बहुधा बेसाल्टच्या जातीचा, काळा किंवा विटकरी दगड. त्याच्या छिद्रांमधल्या भिंती जाड असतात, म्हणून तो प्युमिसपेक्षा जड असतो आणि सहसा पाण्यात बुडतो. त्याचा तांबडा रंग लोहाच्या गंजण्यामुळे येतो.

छिद्रयुक्त बेसाल्ट : महाराष्ट्रात आपल्याला सगळीकडे भेटतो तो हा. लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात तो सापडतो. त्याची छिद्रे नंतर झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी, अकीक अशा खनिजांनी भरली असतील, तर विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या खडक म्हणतात.

गुणधर्म : वजन, मजबुती, उष्णता आणि पाणी

छिद्रे नसलेल्या घट्ट काळ्या बेसाल्टचा एक घनमीटर तुकडा सुमारे २.८ ते ३ टन भरतो. छिद्रे वाढली की वजन घटते आणि त्यासोबत दाब सहन करण्याची ताकदही घटते. म्हणून पूल, धरण, रेल्वेमार्ग यांच्या खडीसाठी घट्ट काळा कातळ निवडतात.

छिद्रांत हवा अडकलेली असते आणि स्थिर हवेतून उष्णता सावकाश जाते. त्यामुळे सच्छिद्र दगडाची भिंत उन्हाळ्यात आतली जागा लवकर तापू देत नाही. हल्ली बांधकामात दिसणारे हलके एएसी ब्लॉक याच तत्त्वावर बनतात. त्यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घालतात, तिच्यामुळे हायड्रोजन वायू तयार होतो आणि ब्लॉकमध्ये बारीक पोकळ्या पडतात. ज्वालामुखी जे करतो, तेच काम कारखाना नियंत्रित पद्धतीने करतो.

आता पाण्याचा गुणधर्म पाहू. येथे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. खडकात एकूण पोकळी किती, ती सच्छिद्रता. त्या पोकळ्यांतून पाणी किती सहज वाहते, ती पारगम्यता. प्युमिसची सच्छिद्रता प्रचंड असते, पण अनेक बुडबुडे बंद किंवा अतिशय अरुंद वाटांनी जोडलेले असल्यामुळे आत पाणी सावकाश शिरते. म्हणूनच तो दीर्घकाळ तरंगू शकतो. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआचा उद्रेक झाला, तेव्हा प्युमिसचे तराफे हिंदी महासागरात तरंगत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते. २०२१ मध्ये जपानजवळच्या समुद्रातील ज्वालामुखीतून निघालेले प्युमिस ओकिनावाच्या बंदरांत साचले आणि मासेमारी नौका अडकून पडल्या.

उलट घट्ट बेसाल्टमध्ये पोकळी फार कमी असते, पण त्याला उभ्या-आडव्या भेगा असल्या तर त्यांतून पाणी झपाट्याने जाते. तेव्हा भोके दिसली म्हणजे पाणी मिळेल, असा हिशेब करू नये. पाण्याला वाट आहे का, हे पाहावे.

जगभरातील उपयोग

बांधकामात या खडकाचा वापर फार जुना आहे. रोममधील पँथिऑनचा घुमट इ. स. १२६ च्या सुमारास उभा राहिला. त्याचा व्यास सुमारे ४३ मीटर असून आत लोखंडी सळई नाही. रोमन कारागिरांनी खालच्या भागात जड दगडांचे आणि माथ्याकडे हलक्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडांचे काँक्रीट वापरले. वजन वर जाताना कमी होत गेले आणि घुमट आजही टिकून आहे. ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली तर तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हेही त्यांना माहीत होते.

घासकामासाठी प्युमिस उपयोगी पडतो, कारण फुटलेल्या प्रत्येक बुडबुड्याची कड धारदार असते. ‘स्टोनवॉश’ जीन्स हे नाव याच दगडामुळे आले. मोठ्या धुलाई यंत्रात कापडासोबत प्युमिसचे दगड फिरवून रंग उडवला जात असे. पुढे अनेक ठिकाणी त्याची जागा विकरांनी घेतली.

शेती व बागकामात स्कोरिया आणि प्युमिस कुंडीच्या मातीत मिसळतात. मुळांना हवा मिळते आणि ओलावाही टिकतो. रोपवाटिकांत दिसणारे पांढरे हलके दाणे म्हणजे पर्लाइट. तीही ज्वालामुखी काचच. भट्टीत तापवली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती लाहीसारखी फुलते.

सांडपाणी शुद्धीकरणातही असा खडक वापरला जातो. छिद्रांमुळे दगडाचा पृष्ठभाग खूप वाढतो, त्यावर उपयुक्त जीवाणूंचा थर वाढतो आणि वरून झिरपणाऱ्या पाण्यातली घाण ते खातात.

छिद्रांत वाढणाऱ्या झिओलाइटचे वैशिष्ट्य आणखी वेगळे आहे. या खनिजाच्या स्फटिकातच रेणूंच्या मापाच्या पोकळ्या असतात. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले निळेशार कॅव्हन्साइट तर जगप्रसिद्ध आहे. उद्योगात मुख्यतः कृत्रिम झिओलाइट वापरतात. कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये हवेतला नायट्रोजन पकडून ठेवण्याचे काम झिओलाइटच करत होते.

दख्खनचा कातळ : थरावर थर

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. लाव्हाचे लोट एकदा आले नाहीत. एकावर एक असे कित्येक लोट आले. म्हणूनच सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. प्रत्येक थरात साधारण एकच रचना दिसते : खाली थोडी नळीसारखी छिद्रे, मध्ये घट्ट काळा कातळ आणि माथ्याला बुडबुड्यांचा भाग. दोन लोटांच्या मध्ये बराच काळ गेला असेल, तर तिथे भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा सापडतो. त्याला गेरू म्हणतात. त्यातून पाणी सहसा खाली जात नाही.

डोंगराच्या उतारावर ज्या पातळीला झरा फुटतो, तिथे बारकाईने पाहिले तर बहुधा वर पाणी धरणारा झिजलेला किंवा छिद्रयुक्त थर आणि खाली पाणी अडवणारा कातळ किंवा गेरू असतो. खाली जायला वाट नसल्याने पाणी आडवे सरकते आणि उतारावर बाहेर पडते.

विहिरीचे गणित

ताजा मांजऱ्या खडक विहिरीला फारसे पाणी देत नाही. त्याची छिद्रे खनिजांनी बुजलेली असतात. तो झिजला, त्याला आडव्या भेगा पडल्या, छिद्रांतली खनिजे निघून गेली, म्हणजे त्यात पाण्याला वाट तयार होते. आपल्याकडच्या जुन्या विहिरींचे पाझर बहुतेक वेळा अशाच थरातले असतात.

पण हा साठा मर्यादित असतो. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या पद्धतीत छिद्रयुक्त व भेगायुक्त बेसाल्टसाठी पाणी सोडण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के धरले आहे. वाळूच्या गाळासाठी ते १६ टक्के आहे. याचा अर्थ समजून घेऊ. एक हेक्टर जमिनीखाली ५ मीटर जाडीचा असा बेसाल्ट पाण्याने पूर्ण भरलेला असेल, तर त्यातून सुमारे १० लाख लिटर पाणी मिळेल. तेवढ्याच गाळातून ८० लाख लिटर मिळाले असते. जल जीवन मिशनचे रोज माणशी ५५ लिटर हे प्रमाण धरले, तर हे १० लाख लिटर २०० माणसांच्या वस्तीला ९० दिवस पुरतात. म्हणजे एका उन्हाळ्याची सोय. तेच पाणी मोठ्या पंपाने शेतात ओढले, तर ते फार लवकर संपते.

त्याच पद्धतीत पाऊस मुरण्याचे प्रमाण छिद्रयुक्त व भेगायुक्त बेसाल्टसाठी १३ टक्के आणि झिजलेल्या बेसाल्टसाठी ७ टक्के धरले आहे. म्हणजे एकाच गावात कुठल्या खडकावर पाणी अडवले, यावर किती मुरेल हे ठरते. पाझर तलाव छिद्रयुक्त, भेगाळलेल्या थरावर हवा. साठवण तलाव घट्ट कातळावर हवा. अदलाबदल झाली तर दोन्ही फसतात आणि खर्च मात्र झालेला असतो.

खोल बोअरवेलचाही प्रश्न आहे. बोअर अनेक थर भेदून खाली जाते. वरच्या थराला केसिंग नीट नसेल, तर वरचे पाणी त्याच बोअरमधून खालच्या थरात उतरू शकते आणि शेजारची उथळ विहीर आटते. वस्तीची विहीर बहुधा उथळच असते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींचा वेगळा विचार केला आहे, त्यामागे हेच वास्तव आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क जगासमोर मांडला. तळे डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिथे कोण अडवतो तेही दिसते. खडकातले पाणी दिसत नाही. ते सातबारा पाहत नाही, वस्तीची हद्द पाहत नाही. ज्याचा पंप मोठा आणि बोअर खोल, त्याच्याकडे ते जाते. म्हणून आजच्या काळात पाण्याचा हक्क मागायचा, तर खडकाची भाषा शिकावी लागेल असे आम्हाला वाटते.

लेणी आणि पोढी

लेणी कोरणाऱ्या कारागिरांना ही भाषा चांगली येत होती. नाशिक, कान्हेरी, जुन्नर येथील शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि पोढीचे दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. पोढीत पाणी टिकायचे, तर कातळाची छिद्रे बंद हवीत आणि मोठी भेग नको. म्हणजे विहिरीला जो खडक नकोसा, तोच पोढीला योग्य. कान्हेरीचा खडक तर ज्वालामुखीच्या तुकड्यांचा मिळून बनलेला ब्रेशिया आहे. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि पावसाचे पाणी टाक्यांत नेणारे पन्हाळ आजही पाहायला मिळतात.

अजिंठ्यात खडकाच्या खडबडीत पृष्ठभागाचा वेगळा उपयोग झाला. भिंतींवर छिन्नीचे घाव तसेच ठेवून त्यावर माती, वनस्पतींचे तंतू, तूस यांचा गिलावा दिला, म्हणून तो धरून राहिला. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन चित्रे काढली. मात्र खडकातील भेगांमधून पाणी झिरपते, तेव्हा पहिला धोका या गिलाव्यालाच असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. चित्रे टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचा रोगण वापरला. कालांतराने तो पिवळसर, काळपट झाला आणि तो काढण्याचे अवघड काम पुढच्यांना करावे लागले. हेतू चांगला असूनही छिद्रयुक्त पृष्ठभागावर लावलेला लेप सहज परत घेता येत नाही, हा त्यातला धडा.

बोरोबुदुरचा अनुभव

इंडोनेशियातील जावा बेटावरचे नवव्या शतकातील बोरोबुदुर हे महास्मारक अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचे आहे. त्यात सुमारे ५५ हजार घनमीटर दगड आहे. सच्छिद्र दगडात आणि आतल्या मातीच्या टेकडीत पाणी मुरत गेले, भिंती कलल्या, शेवाळ व दगडफूल वाढले. १९७५ ते १९८२ या काळात युनेस्कोच्या मदतीने मोठे काम झाले. दहा लाखांहून अधिक दगड हलवले आणि आत पाण्याचा निचरा करणारी व्यवस्था बसवली. २०१० मध्ये मेरापी ज्वालामुखीची राख स्मारकावर पडली, तेव्हा ती दगडाच्या छिद्रांत बसून नुकसान करू नये म्हणून तातडीने साफ करण्यात आली. तिथे पाण्याला बाहेरची वाट करून दिल्यावरच स्मारक वाचले.

आपण काय करावे?

लेण्यांवर आणि गावात काम करणाऱ्या साथींसाठी आम्ही काही गोष्टी सुचवतो.

१. लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती, तेलाचे दिवे लावू नयेत. काजळी आणि मेण छिद्रांत जाऊन बसते, ते पुसून निघत नाही. वंदना घेण्यासाठी ज्योतीची गरज नाही. हे आपल्याच माणसांना, प्रेमाने सांगावे लागेल.

२. स्वच्छता मोहिमेत ॲसिड, तारेचा ब्रश, ऑइल पेंट, सिमेंट वापरू नये. सिमेंटमधले क्षार पाण्यासोबत खडकाच्या छिद्रांत जातात, तिथे त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कचरा उचलणे, वाट साफ करणे एवढे आपले काम. दगडाला हात लावायचा तो पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

३. पावसाळ्यात लेण्यात कुठून पाणी गळते, याचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत. दरवर्षी त्याच जागेचे फोटो असतील, तर संबंधित विभागाकडे केलेली तक्रार वजनदार ठरते.

४. केंद्र संरक्षित लेण्यांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम व खाणकामाला मनाई असते आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. जवळ खाण किंवा स्फोटकाम सुरू असेल, तर त्याची नोंद करावी. सुरुंगाच्या हादऱ्याने जुन्या भेगा वाढू शकतात, आणि भेग म्हणजे पाण्याची नवी वाट.

५. गावातल्या जुन्या विहिरी मे महिन्यात आतून पाहाव्यात. माती, मुरूम, मांजऱ्या, काळा कातळ, गेरू हे थर किती फुटांवर आहेत आणि पाझर कुठून येतो, ते वहीत लिहावे. दर महिन्याला दोरीने पाण्याची पातळी मोजावी. नवी विहीर, बोअर, पाझर तलाव यांची जागा ठरेल त्या ग्रामसभेत ही वही घेऊन बसावे आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अहवालाची मागणी करावी.

६. दगड ओळखण्याची साधी परीक्षा शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावी. शेतातला किंवा रस्त्याकडेचा सुटा दगड आणावा. लेण्याच्या आवारातला दगड उचलू नये. तो उन्हात पूर्ण वाळवून तोलावा, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, वरचे पाणी पुसून पुन्हा तोलावा. वजन जेवढे वाढले, तेवढे पाणी आत गेले. भोके भरपूर असूनही वजन वाढले नाही, तर छिद्रे बंद आहेत हे मुलांना आपोआप कळेल.

ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पाहून, तपासून घ्यावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. लेणी ज्या खडकात आहेत आणि आपली विहीर ज्या खडकात आहे, तो खडक एकच आहे. एकीकडे त्यातून पाणी येऊ द्यायचे आहे, दुसरीकडे येऊ द्यायचे नाही. कुठे काय करायचे, हे ठरवण्यासाठी आधी खडक वाचता आला पाहिजे. या उन्हाळ्यात प्रत्येक गावातून किमान एका विहिरीची वही सुरू व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.